विक्रमाची फेरी आणि विजेतेपदाचे वर्ष : स्टेफान बेलोफच्या उदयाचा अभ्यास

१

शर्यत जिंकली म्हणजे नेमकी कोणी जिंकली, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात बाहुकाच्या रूपात वावरणारा नल ऋतुपर्ण राजाचा रथ अयोध्येहून विदर्भातील कुंडिनपुरास एका दिवसात आणून पोहोचवितो. वाटेत राजाचे उत्तरीय खाली पडते. रथ थांबवावा असे तो म्हणतो, तोवर ते वस्त्र योजनभर मागे राहिलेले असते. कुंडिनपुरात स्वागत होते ते मात्र रथात बसलेल्या राजाचे. सारथी रथ घेऊन अश्वशाळेकडे जातो. नुसत्या रथघोषावरून हाकणारा कोण असावा हे ओळखते ती दमयंती.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या, गोदावरीच्या खोऱ्यातील गावी हा प्रश्न आजही परका वाटणार नाही. लाल कंधारी आणि देवणी जनावरांचा हा मुलूख. येथे बैलजोडी ही शेतकऱ्याच्या घराची प्रतिष्ठा समजली जाते. मराठवाड्यात व वऱ्हाडात शंकरपटाचा बोलबाला होतो तो प्रथम जोडीचा व तिच्या धन्याचा. छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचे कसब जाणकारांपुरते राहते. वाहन, वाहनाचा स्वामी आणि वाहन हाकणारा या तिघांत यशाची वाटणी कशी व्हावी, याचा निवाडा प्रत्येक शर्यतसंस्था आपापल्या परीने करीत आलेली आहे.

यांत्रिक युगातील मोटारशर्यतींतही हाच वाद निराळ्या रूपाने आढळतो. त्यांच्या दोन प्रमुख शाखा आहेत. एकीत एकाच चालकासाठी बांधलेली, चाके उघडी असलेली मोटार सुमारे दीड-दोन तास धावते. फॉर्म्युला वन ही या शाखेची सर्वोच्च पायरी होय. दुसरी शाखा स्पोर्ट्‌सकारची. या मोटारीची चाके झाकलेली असतात, ती दोघे किंवा तिघे चालक आळीपाळीने हाकतात आणि शर्यत हजार किलोमीटर, क्वचित चोवीस तासदेखील चालते. फॉर्म्युला वनचे जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये सुरू झाले ते चालकांसाठी. स्पोर्ट्‌सकारचे १९५३ मध्ये सुरू झाले ते मात्र कारखानदारांसाठी. या शाखेत चालकाला स्वतंत्र जागतिक विजेतेपद मिळू लागले ते १९८१ पासून, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षांनंतर. स्पोर्ट्‌सकारच्या क्षेत्रात चालक दीर्घकाळ सारथ्याच्याच जागी होता, हे यावरून स्पष्ट होते.

अशा क्षेत्रात एक तरुण जर्मन चालक तीन-चार वर्षांत सर्वोच्च स्थानी कसा पोहोचला, आणि ज्या गुणांनी त्याला वर नेले तेच गुण त्या क्षेत्राच्या शिस्तीशी कसे झगडत राहिले, याचा विचार येथे करावयाचा आहे. स्टेफान बेलोफ हा तो चालक होय. त्याची स्मृती आज प्रामुख्याने एका फेरीभोवती गुंफली गेली आहे. ती फेरी असामान्य होती यात शंका नाही. परंतु त्याच्या उदयाचा खरा अर्थ त्या फेरीत शोधावा की तिच्यानंतरच्या वर्षभराच्या कामगिरीत, हा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

२

चालकाचा उदय हा केवळ त्याच्या व्यक्तिगत गुणांचा परिणाम नसतो. त्याला आधारभूत अशी भूमी लागते. जर्मनीत ती दोन अंगांनी तयार झाली होती. पहिले अंग शर्यतमार्गाचे. आयफेलच्या डोंगराळ व गरीब प्रदेशात बेकारांना काम मिळावे, या हेतूनेही हाती घेतलेला न्यूर्बुर्गरिंग हा मार्ग १९२७ मध्ये खुला झाला. त्याचा उत्तरेकडील भाग वीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा असून तो जंगलातून, चढउतारांवरून आणि असंख्य वळणांतून जातो. १ ऑगस्ट १९७६ रोजी ऑस्ट्रियाचा निकी लाउडा येथे जळत्या मोटारीतून कसाबसा वाचला. त्यानंतर फॉर्म्युला वनने हा मार्ग सोडला. स्पोर्ट्‌सकारांनी मात्र तो आणखी काही वर्षे सोडला नाही.

दुसरे अंग उद्योगाचे. पोर्शे या नावाची पहिली मोटार १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे तयार झाली आणि लवकरच कारखाना श्टुटगार्टला स्थिरावला. १९५१ मध्ये फ्रान्समधील ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या कारखान्याने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळविला. संपूर्ण शर्यतीतील पहिला विजय त्याला १९७० मध्ये लाभला. पोर्शेच्या दृष्टीने शर्यत ही जाहिरात होती, तशीच ती प्रयोगशाळाही होती. कारखान्याचे अभियंते जे शर्यतीत सिद्ध करीत, ते थोड्याबहुत फरकाने रस्त्यावरच्या मोटारीत उतरत असे.

या दोन अंगांमध्ये तरुणांसाठी एक पायऱ्यांची वाट होती. लहानपणी कार्ट, म्हणजे निलंबनरहित छोटी शर्यतगाडी. पुढे फॉर्म्युला फोर्ड, फॉर्म्युला थ्री व फॉर्म्युला टू. प्रत्येक पायरीवर सर्वांच्या मोटारी साधारण सारख्या शक्तीच्या असल्यामुळे चालकाचे कसब त्याच्या आर्थिक बळापासून काही अंशी वेगळे करून पाहता येत असे. ही सोय किती दुर्मीळ होती, हे भारताच्या तत्कालीन स्थितीशी तुलना केल्यास ध्यानी येते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करून महाराष्ट्रात मोटारनिर्मितीचा पाया घातला होता. तथापि १९८३ साल उजाडेपर्यंत सामान्य भारतीयास अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांपलीकडे फारशी निवड नव्हती. मारुतीची पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. येथील हौशी शर्यतपटू मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानधावपट्टीवर आपली हौस भागवीत होते. धाडसाचा तुटवडा येथे नव्हता. धाडसाला वळण लावून पुढे नेणारी पायऱ्यांची वाट तेवढी नव्हती.

३

स्टेफान बेलोफचा जन्म २० नोव्हेंबर १९५७ रोजी हेसन प्रांतातील गीसेन या गावी झाला. १९७३ च्या सुमारास तो कार्ट चालवू लागला. सात-आठ वर्षे त्याने या पहिल्या पायरीवर काढली, ही गोष्ट त्याच्या पुढील झपाट्यामुळे विसरली जाते. कार्टमध्ये वेग बेताचा असला तरी चूक तात्काळ शिक्षा करते. मोटारीचा तोल बोटांच्या टोकांवर कळू लागतो तो येथेच. १९८० मध्ये तो जर्मन फॉर्म्युला फोर्डचा विजेता झाला. पुढच्याच वर्षी फॉर्म्युला थ्रीमध्ये तो हंगाम सुरू झाल्यानंतर उतरला, तरीही तीन शर्यती जिंकून अखेरीस तिसऱ्या स्थानी राहिला.

१९८२ मध्ये विली माउरर याच्या संघाकडून तो फॉर्म्युला टूमध्ये आला. ही युरोपीय पातळीवरील स्पर्धा होती आणि तेथे नवशिक्याकडून फारशी अपेक्षा ठेवली जात नसे. बेलोफने इंग्लंडमधील सिल्वरस्टोनची पहिली शर्यत जिंकली, आणि पाठोपाठ जर्मनीतील हॉकेनहाइमची दुसरीही जिंकली. हंगामाच्या अखेरीस तो चौथा आला. म्हणजे आरंभीची भरारी त्याला वर्षभर टिकविता आली नाही. मोठा वेग आणि त्यामानाने कमी सातत्य, हे त्याच्या कारकीर्दीचे सूत्र या वर्षी प्रथम स्पष्ट दिसू लागते.

याच वर्षी त्याने कोलोनच्या क्रेमर बंधूंच्या संघाकडून स्पोर्ट्‌सकारही चालवून पाहिली. वर्ष संपता संपता पोर्शेच्या अधिकृत संघाने १९८३ साठी त्याची निवड केली. त्या संघात बेल्जियमचा जॅकी इक्स, इंग्लंडचा डेरेक बेल व जर्मनीचा योखेन मास हे तिघेही अनुभवी व वयाने वडील असे चालक होते. पंचविशीतील बेलोफला डेरेक बेलच्या जोडीस देण्यात आले. बेल त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठा होता. स्पोर्ट्‌सकार शर्यतीची ही रचना गुरुकुलासारखी आहे: एकच मोटार, एकच आसन, आणि आळीपाळीने बसणारे दोघे. सहकाऱ्याने टायर किती झिजविले, इंधन किती जाळले, गिअरपेटी किती शाबूत ठेवली, हे सारे दुसऱ्याच्या वाट्यास जसेच्या तसे येते.

४

बेलोफ ज्या काळात आला तो काळ नियमांच्या दृष्टीने असाधारण होता. १९८२ पासून स्पोर्ट्‌सकारांसाठी ‘ग्रुप सी’ नावाची नवी नियमावली लागू झाली होती. इंजिन किती मोठे असावे यावर तिच्यात जवळजवळ बंधन नव्हते. बंधन होते ते इंधनावर. टाकी शंभर लिटरची, आणि हजार किलोमीटरच्या शर्यतीस एकूण सहाशे लिटर. म्हणजे शंभर किलोमीटरला साठ लिटर, किंवा लिटरमागे सुमारे एक किलोमीटर सातशे मीटर. १९७३ च्या तेलसंकटाची आठवण ताजी असताना तयार झालेल्या या नियमामागे, शर्यतीने उद्योगाला उपयोगी पडावे असा विचार होता. ज्याचे इंधन शेवटच्या फेरीआधी संपेल त्याचा वेग निरर्थक ठरणार होता.

पोर्शेचे ९५६ हे प्रारूप याच नियमासाठी जन्मले. नॉर्बर्ट सिंगर या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेली ही मोटार म्हणजे ॲल्युमिनियमच्या एकसंध कवचावर उभारलेली पोर्शेची पहिली शर्यतमोटार होय. मागे सहा सिलिंडरांचे, दोन टर्बो बसविलेले, सुमारे २.६५ लिटरचे इंजिन होते. तळाची रचना अशी की धावताना खालून वाहणारी हवा मोटारीला जमिनीकडे ओढून धरी. त्यामुळे वळणावर जितका वेग अधिक, तितकी पकडही अधिक. या गुणाचा अर्थ चालकाच्या दृष्टीने फार गंभीर होता. भीतीने वेग कमी करणाऱ्याला मोटार कमी पकड देई आणि विश्वासाने आत घुसणाऱ्याला अधिक. तरुण व निर्भय माणसाला अशी मोटार अनुकूल होती, यात नवल नाही. याच मोटारींनी १९८२ च्या ले माँ शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक मिळविले होते.

अशा रीतीने एकाच शर्यतीत दोन परस्परविरोधी मागण्या एकत्र आल्या. मोटारीची हवाई रचना म्हणत होती की वेग वाढव. इंधनाचा नियम म्हणत होता की हात आखड. या दोन मागण्यांचा मेळ घालणे, हीच ग्रुप सीच्या चालकाची परीक्षा होती.

५

पोर्शेच्या अधिकृत संघातील बेलोफचा आरंभ ८ मे १९८३ रोजी सिल्वरस्टोनच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीने झाला आणि बेलसमवेत त्याने ती जिंकली. तीन आठवड्यांनी न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या उत्तरमार्गावर हजार किलोमीटरची शर्यत होती. शेजारी नवा, आखूड मार्ग बांधण्याचे काम चालू असल्याने जुन्या मार्गाची लांबी त्या वर्षी २०.८३२ किलोमीटर भरत होती. २८ मे रोजी आरंभस्थान ठरविण्यासाठी घेतलेल्या फेरीत बेलोफने हे अंतर ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत कापले. ताशी सरासरी वेग दोनशे दोन किलोमीटरांहून अधिक होता. या मार्गावर शर्यतीच्या कार्यक्रमात ताशी दोनशेची सरासरी ओलांडणारा तो पहिला चालक ठरला. त्याच संघातील, तशाच मोटारीतील योखेन मास त्याच्या पाच सेकंदांहून अधिक मागे राहिला.

हा विक्रम पस्तीस वर्षे अबाधित राहिला. २९ जून २०१८ रोजी टिमो बर्नहार्ड याने पोर्शे ९१९ या मोटारीच्या खास सुधारित आवृत्तीतून तीच लांबी ५ मिनिटे १९.५५ सेकंदांत कापली. तथापि ती मोटार कोणत्याही शर्यतीच्या नियमात न बसणारी, त्या प्रयत्नापुरती बंधनमुक्त केलेली होती.

बेलोफच्या फेरीचे मूल्यमापन करताना एक बाब सहसा दृष्टीआड होते. आरंभस्थानाच्या फेरीला इंधनाचे बंधन नव्हते. ग्रुप सीच्या दोन मागण्यांपैकी दुसरी मागणी त्या सहा मिनिटांपुरती स्थगित होती. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष शर्यतीत त्याची सर्वांत जलद फेरी ६ मिनिटे २५.९१ सेकंदांची, म्हणजे जवळजवळ पंधरा सेकंदांनी संथ होती. तीही त्या शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी होय. तरी या पंधरा सेकंदांत भरलेल्या टाकीचे वजन, वाटेतील इतर मोटारी आणि इंधनाचा हिशेब हे सर्व सामावलेले होते. पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. बेलोफ आघाडीवर असताना विसाव्या फेरीत प्फ्लान्झगार्टेन या उंचवट्याच्या भागात त्याची मोटार हवेत उचलली जाऊन उलटीपालटी झाली. तो स्वतः बचावला. मोटारीचा चुराडा झाला, आणि बेलच्या वाट्याची शर्यतही तेथेच संपली. विजय मिळाला तो इक्स व मास यांना.

चोवीस तासांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना एकत्र ठेवूनच वाचावयास हव्यात. पहिलीत चालक वाहनाहून मोठा भासला. दुसरीत त्याने वाहन आणि सहकारी या दोघांचेही ऋण बुडविले. लोकस्मृतीने पहिली जपली. त्याच भागातील एका वळणास २०१३ मध्ये बेलोफचे नाव देण्यात आले. जेथे त्याची शर्यत संपली त्याच परिसरात त्याचे स्मारक व्हावे, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

१९८३ च्या उत्तरार्धात त्याने बेलसमवेत जपानमधील फूजी व दक्षिण आफ्रिकेतील किआलामी येथील शर्यती जिंकल्या. चालकांच्या जागतिक क्रमवारीत तो चौथा आला. विजेतेपद इक्सला मिळाले.

६

१९८४ हे वर्ष बेलोफच्या उदयाचे खरे प्रमाण होय. त्या वर्षीच्या जागतिक मालिकेत अकरा शर्यती होत्या. त्यांपैकी सहा त्याने जिंकल्या: मॉन्झा, न्यूर्बुर्गरिंगचा नवा मार्ग, स्पा, इमोला, फूजी आणि ऑस्ट्रेलियातील सँडाउन पार्क. चार विजय बेलच्या जोडीने मिळाले, फूजीचा जॉन वॉटसनच्या, आणि इमोलाचा हान्स-योआखिम स्टुकच्या जोडीने. इमोलाचा विजय विशेष उल्लेखनीय आहे. कारण तेथे त्याची मोटार कारखान्याची नसून स्वित्झर्लंडच्या वाल्टर ब्रुन याच्या खासगी संघाची होती. डिसेंबरात ऑस्ट्रेलियात मालिका संपली तेव्हा सत्तावीस वर्षांचा बेलोफ जागतिक विजेता ठरला होता. जर्मनीतील राष्ट्रीय विजेतेपदही त्याच वर्षी त्याच्याकडे आले.

सहा विजयांत तीन निरनिराळे सहकारी आणि दोन निरनिराळे संघ, ही गोष्ट आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. वाहन बदलले, जोडीदार बदलला, तरी निकाल बदलला नाही. तेव्हा यशाचा वाटा हाकणाऱ्याकडे जातो, असा निष्कर्ष काढणे युक्त ठरते. शिवाय हे विजय इंधनाच्या बंधनात मिळालेले आहेत. ज्याला केवळ बेफाम म्हणून ओळखले जाई, त्याने वर्षभर टाकीचा हिशेब सांभाळून हजार-हजार किलोमीटरच्या शर्यती पूर्ण केल्या. न्यूर्बुर्गरिंगच्या फेरीने त्याची शक्ती दाखविली होती. १९८४ ने त्याची परिपक्वता दाखविली.

त्याच वर्षी नियमांचे राजकारणही उफाळून आले होते. इंधनाची मर्यादा आणखी पंधरा टक्क्यांनी खाली आणण्याचा पूर्वी जाहीर झालेला बेत नियामक संस्थेने ऐनवेळी मागे घेतला. पोर्शेने कमी इंधनासाठी आधीच परिश्रम केले होते. निषेध म्हणून तिच्या अधिकृत संघाने त्या वर्षीच्या ले माँ शर्यतीवर बहिष्कार घातला. ती कपात अखेर १९८५ मध्ये अमलात येऊन सहाशेचे पाचशे दहा लिटर झाले. चालकाच्या भवितव्याची सूत्रे किती दूरच्या मेजांवर हलविली जातात, याचे हे उदाहरण होय.

७

स्पोर्ट्‌सकारमध्ये शिखर गाठीत असतानाच बेलोफ १९८४ पासून फॉर्म्युला वनमध्येही उतरला होता. केन टिरेल याच्या संघात मार्टिन ब्रंडल हा त्याचा सहकारी. प्रतिस्पर्ध्यांच्या हाती टर्बो इंजिने आली असताना टिरेलची मोटार जुन्या, टर्बोविरहित कॉसवर्थ इंजिनावर चालत होती. शक्तीतील ही तूट ३ जून १९८४ रोजी मोनॅकोच्या मुसळधार पावसाने काही काळ पुसून टाकली. विसाव्या, म्हणजे अखेरच्या स्थानावरून निघालेला बेलोफ एकेकाला मागे टाकीत तिसऱ्या स्थानी आला. पुढे आल्याँ प्रॉस्त व त्याला झपाट्याने गाठणारा ब्राझीलचा तरुण आयर्टन सेना हे दोघेच होते. पाऊस वाढल्याने शर्यत मध्येच थांबविण्यात आली. थांबविण्याचा निर्णय ज्याने घेतला तो शर्यतसंचालक म्हणजे पोर्शे संघातील बेलोफचा सहकारी जॅकी इक्स होय.

हे तिसरे स्थानही त्याच्या नावावर राहिले नाही. टिरेलच्या मोटारींतील पाण्याची टाकी व तिच्यातून भरले जाणारे वजन यांवरून संघ दोषी ठरविला गेला आणि त्या हंगामातील त्याचे सर्व निकाल रद्द झाले. १९८५ मध्ये पोर्तुगालमध्ये सहावे व डेट्रॉइटमध्ये चौथे स्थान मिळवून बेलोफने चार गुण कमावले. फॉर्म्युला वनच्या अधिकृत नोंदीत त्याच्या खात्यावर तेवढेच गुण आहेत. केवळ या नोंदीवरून त्याची योग्यता ठरविणारा अभ्यासक चुकेल. येथेही वाहन, स्वामी आणि सारथी यांच्या हिशेबात सारथ्याची पाटी स्वामीच्या दोषाने कोरी झाली.

८

१९८५ मध्ये बेलोफ पोर्शेच्या अधिकृत संघात नव्हता. स्पोर्ट्‌सकार तो ब्रुनच्या संघाकडून चालवीत होता. हा उन्हाळा जर्मन शर्यतविश्वास अत्यंत क्रूर ठरला. ११ ऑगस्टला कॅनडातील मोस्पोर्ट येथे क्रेमर संघाच्या पोर्शेतून धावणारा मान्फ्रेड विंकेलहॉक अपघातात सापडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. पुढे तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच १ सप्टेंबर रोजी बेल्जियममधील स्पा येथे हजार किलोमीटरची शर्यत झाली.

बेलोफचा सहकारी बेल्जियमचा थिएरी बूत्सेन होता, मोटार ९५६ ची सुधारित आवृत्ती. त्याच्या पुढे कारखान्याच्या नव्या ९६२ मध्ये इक्स होता. स्पाच्या तीव्र वळणानंतर रस्ता उतारावरून ओ रूज नावाच्या ओढ्याकडे झेपावतो, तेथे डावीकडे व लगेच उजवीकडे वळून उभ्या चढावर चढतो. दोन मोटारींना तेथे एकाच वेळी शेजारी शेजारी जाणे जवळपास अशक्य. अठ्ठ्याहत्तराव्या फेरीत बेलोफने त्याच जागी इक्सच्या डाव्या अंगाने पुढे जाण्याचा प्रयत्न केला. दोन्ही मोटारींचा स्पर्श होऊन त्या भरकटल्या. बेलोफची मोटार समोरून संरक्षक भिंतीवर आदळली. इक्स बचावला. सुमारे तासाभरात बेलोफचा मृत्यू झाला. शर्यत ठरलेल्या अंतरापूर्वीच थांबविण्यात आली. मृत्यूसमयी त्याचे वय सत्तावीस होते.

या अपघाताची कारणमीमांसा करताना एका व्यक्तीवर बोट ठेवण्याचा मोह टाळावयास हवा. ओ रूज येथे पुढे जाण्याचा निर्णय बेलोफचा होता आणि त्याची जोखीम मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या जागी मोटारींना इतक्या वेगाने जाता येणे ही हवाई रचनेतील प्रगतीची फलश्रुती होती, आणि मार्गाची संरक्षणव्यवस्था त्या प्रगतीच्या मागे राहिली होती. ९५६ मध्ये चालकाचे पाय पुढच्या आसाच्याही पुढे येत. अमेरिकेतील नियमांनी ही रचना नाकारल्यामुळे पोर्शेने ९६२ बांधली. तिच्यात पाय आसाच्या मागे घेण्यात आले. विंकेलहॉकच्या मोटारीत ही सुधारणा होती, तरी तो वाचला नाही. तेव्हा एखाद्या यांत्रिक तपशिलात संपूर्ण उत्तर शोधणेही बरोबर होणार नाही. मूळ विसंगती संस्थेच्या पातळीवर होती. संघ तरुणाला निवडीत ते त्याच्या वेगासाठी. त्याच्याकडून अपेक्षा करीत ती संयमाची. आणि वेग व संयम यांत तोल चुकला तर भरपाई त्याच्या देहाने होत असे.

खेळातील जोखीम कोठवर मान्य करावी, हे ठरविण्याची जबाबदारी अखेर समाजाला घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती थांबल्या; १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला, तो शर्यतींवर घातलेल्या अटींसह. तेथे प्रश्न मुक्या जनावराच्या यातनेचा होता. मोटारीच्या शर्यतीत धोका पत्करणारा माणूस स्वतः संमती देतो, हा भेद मोठा आहे. तरीही पंचविशीतील स्पर्धकाची संमती ज्या चौकटीत घेतली जाते ती चौकट कोण बांधतो, हा प्रश्न दोन्हीकडे समान राहतो.

९

बेलोफनंतर पाच वर्षांनी, १९९० मध्ये, मर्सिडीजने स्पोर्ट्‌सकार शर्यतींसाठी तरुणांचे एक पथक उभे केले. मिखाएल शुमाखर, हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झेन आणि ऑस्ट्रियाचा कार्ल वेंडलिंगर या तिघांना आळीपाळीने एका वडीलधाऱ्या चालकाच्या जोडीस देण्यात आले. तो चालक योखेन मास होता: १९८३ मध्ये न्यूर्बुर्गरिंगवर बेलोफच्या मागे राहिलेला, आणि दुसऱ्या दिवशी ती शर्यत जिंकणारा. बेलोफच्या मृत्यूमुळेच ही योजना आली, असा कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. तथापि वेगवान तरुणाला इंधन, टायर आणि सहकारी यांचा हिशेब शिकविण्यासाठी लांब पल्ल्याची शर्यत व अनुभवी जोडीदार या दोन गोष्टींचा हेतुपुरस्सर उपयोग येथे केला गेला. बेलच्या जोडीने बेलोफला जे वाटेत मिळाले, त्याची येथे पद्धत झाली. शुमाखर २५ ऑगस्ट १९९१ रोजी फॉर्म्युला वनमध्ये प्रथम उतरला, तोही स्पाच्याच मार्गावर. आणि १९९४ मध्ये तो त्या शाखेचा पहिला जर्मन विजेता झाला.

या पार्श्वभूमीवर बेलोफचे स्थान दोन्ही टोकांच्या मतांहून निराळे दिसते. त्याला अकाली विझलेली ज्योत मानून त्याच्या हातून काय घडले असते याचे तर्क लढविण्यात इतिहासाचे काम नाही. बेफिकीर तरुण म्हणून त्याला बाजूस सारणेही कागदपत्रांशी विसंगत ठरेल. बेफिकीर माणूस लिटरांचा हिशेब ठेवून अकरांपैकी सहा शर्यती जिंकीत नाही. कारखानदारांच्या नावाने चालणाऱ्या एका शाखेत चालकाला स्वतःचे नाव मिळू लागल्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत तो आला, वाहन आणि जोडीदार बदलूनही जिंकता येते हे त्याने सिद्ध केले, आणि त्या शाखेतील चालकांचे विजेतेपद मिळविणारा पहिला जर्मन ठरला. सहा मिनिटे अकरा सेकंदांची फेरी हा त्या चरित्रातील सर्वांत झगझगीत क्षण असला, तरी त्या फेरीची तुलना आता यंत्रांशी होते आणि यंत्रे तिच्यापुढे निघून गेली आहेत. १९८४ च्या सहा विजयांची तुलना मात्र माणसांशीच करावी लागते. दमयंतीने रथाच्या घोषातून सारथी ओळखला, तो रथाच्या वेगाबरोबरच हाकण्याच्या रीतीवरून. चालकांचा इतिहास लिहिताना विक्रमांच्या कोष्टकाइतकेच लक्ष या रीतीकडे द्यावयास हवे.